भूमिती आधी वहीत की आधी परिसरात?

धागाकर्ता: पहिली-दुसरीच्या मुलांकडून आपण 'चौरस म्हणजे चार बाजू समान, चारही कोन काटकोन' हे घोकून घेतो. मला हे पटत नाही. सुरुवात वर्गाच्या दारापासून करा. वहीतला कोन पाहून पुष्कळ मुलांना वाटतं, भुजा लांब म्हणजे कोन मोठा. दार आणि पुस्तक सारखंच उघडून दाखवा. दार केवढं, पुस्तक केवढं, तरी कोन एकच! कोन म्हणजे वळणं, हे तिथे दिसतं.

प्रतिसाद १: दाराचं ठीक, पण परिसर फसवतोही. खिडक्या, फरश्या, फळा, सगळं आडवं-उभं. तोच चौरस टोकावर उभा केला की मूल म्हणतं, हा चौरस नाही. पिअर आणि डीना व्हॅन हील या डच शिक्षक दांपत्याने १९५७ सालीच मांडलं होतं की पहिल्या पातळीवर मूल आकार नुसत्या रूपावरून ओळखतं, गुणधर्मांवरून नाही. परिसर दाखवत राहिलात तर ते तिथेच अडकेल.

धागाकर्ता: त्याच व्हॅन हील यांचं असंही म्हणणं होतं की पुढची पातळी वयापेक्षा शिकवण्यावर अवलंबून असते. नुसतं 'हा चौरस, तो आयत' करत फिरणं मलाही नको आहे. चार सारख्या पट्ट्या टोकांना सैलसर जोडून चौरस करा आणि मुलाला एक कोपरा ढकलू द्या. चौकट कलंडते. बाजू अजूनही समान, पण चौरस गेला! व्याख्येत काटकोन कशाला हवेत, हे त्याच्या हातालाच कळतं. मग कर्णावर पाचवी पट्टी लावा, दोन त्रिकोण होतात आणि चौकट हलेनाशी होते.

प्रतिसाद २: आणि एवढी मुलं घेऊन बाहेर जायचं कधी? अभ्यासक्रम कोण पुरा करणार?

धागाकर्ता: बाहेर कशाला, दार वर्गातच आहे.

प्रतिसाद १: पट्ट्यांचा प्रयोग उत्तमच. पण हा परिसर नव्हे, मुद्दाम घडवलेलं साहित्य आहे. म्हणजे माझाच मुद्दा झाला, निवडून आणि मांडून द्यावं लागतं.

धागाकर्ता: मांडून द्यावं लागतं, मान्य. पण त्यानंतर तेच मूल क्रेनकडे, विजेच्या मनोऱ्याकडे बघतं आणि विचारतं, यात इतके त्रिकोण का? हा प्रश्न फळ्यावरून येत नाही.

प्रतिसाद १: येऊ दे प्रश्न. मात्र व्याख्या त्याच आठवड्यात, त्याच्याच शब्दांत, वहीत उतरली पाहिजे. ती लांबणीवर पडते, हाच माझा आक्षेप आहे.