मदत हवी आहे: १९६६ ची जग्वार ई-टाइप, ब्लॉक मात्र दुसऱ्या गाडीचा. किंमत कशी धरावी?

नमस्कार मंडळी,

ज्या गाडीसाठी कित्येक वर्षं पैसे साठवतोय ती अखेर समोर आली आहे, आणि आता पाऊल पुढे पडत नाहीये. ज्यांनी इंजिन बदललेल्या जुन्या स्पोर्ट्स कार घेतल्या किंवा विकल्या आहेत त्यांचा सल्ला हवा आहे.

गाडी १९६६ ची ई-टाइप कूपे, सिरीज १, ४.२ लिटर. पत्रा चांगला आहे. इंजिन ज्या नळ्यांच्या चौकटीवर बसतं ती कुठेही कापलेली नाही. इंजिन गरम झाल्यावरही ऑइल प्रेशर टिकून होतं. जाहिरातीत 'मूळ इंजिन' असं लिहिलेलं होतं, म्हणून टॉर्च आणि केरोसीनमध्ये भिजवलेलं फडकं घेऊनच गेलो. माहितीच्या पाटीवर इंजिन नंबर ७ई ने सुरू होतो. हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पुढच्या टोकाला तोच नंबर, अंकन् अंक जुळणारा. जीव भांड्यात पडला. मग ऑइल फिल्टरच्या वर, ब्लॉकवर (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य ओतीव भाग) साचलेला काळा चिकटा पुसत गेलो, तर आधी ७ दिसला आणि त्याच्यापुढे एल.

७ई म्हणजे ४.२ ई-टाइप. ७एल म्हणजे जग्वारचीच चार दारांची एक्सजे६. एक्सजे६ बाजारात आली १९६८ मध्ये, तेव्हा हा ब्लॉक या गाडीत जन्मापासून असणं शक्यच नाही. विक्रेत्याला दाखवलं तर म्हणाला, "दोन्ही ४२३५ सीसीच, एकाच घराण्यातलं इंजिन, फरक काय पडतो?" चालवताना खरंच काही फरक पडत नाही. हेड मूळ आहे, एसयू कंपनीचे तिन्ही कार्ब्युरेटर जागेवर आहेत, सम्पही (खालचं तेलाचं भांडं) ई-टाइपचाच.

मला मनापासून लागलेली गोष्ट वेगळीच. सोबत आलेल्या एका जाणकाराने परतताना सुचवलं, "घ्या, मग ब्लॉकवरचा नंबर घासून ७ई चा पंच करून टाकू. कोण बघतंय?" मी हे करणार नाही. उद्या ही गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलता आलं पाहिजे.

म्हणून विचारतो: असा अर्धा मूळ, अर्धा परका प्रकार असेल तर किंमत कशी ठरवायची? विक्रेता सगळे नंबर जुळणाऱ्या गाडीचा भाव मागतोय. आणि मूळ ब्लॉक शोधण्याच्या मागे लागावं का?

प्रतिसाद: जुनागिअर

आधी ब्लॉक का बदलला असेल ते सांगतो, म्हणजे अर्धं कोडं सुटेल. ३.८ चं ४.२ करताना जग्वारने बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७ वरून ९२.०७ मिलिमीटर केला, पण ब्लॉकची लांबी तेवढीच ठेवली. सिलिंडर सरकवून बसवावे लागले, मधल्या भिंती पातळ झाल्या. म्हणून ४.२ च्या ब्लॉकला सिलिंडरांच्या मधे चिरा जातात, हे त्याचं ठरलेलं दुखणं आहे. तुमच्या गाडीचं हेड मूळ आणि ब्लॉक परका, यावरून मला तरी हीच शंका येते. ब्लॉक गेला, कुणीतरी हाताशी असलेला एक्सजे६ चा ब्लॉक घेतला आणि बाकी सगळं जुनंच चढवलं. याला मी दुरुस्ती म्हणेन. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) कापून त्यात अमेरिकन व्ही८ कोंबलेल्या ई-टाइपशी याची तुलनाच होऊ नये. तिथे परतीची वाट बंद असते, तुमच्याकडे ती पूर्ण उघडी आहे.

किंमत मात्र सगळे नंबर जुळणाऱ्या गाडीची अजिबात नको. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र मागवा. कारखान्याच्या नोंदीतला चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचा नंबर त्यात असतो. गिअरबॉक्सचा नंबर तपासलात का? तोही जुळला तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. मग बोलणी करताना 'योग्य ब्लॉक मिळवून इंजिन नव्याने बांधायचा खर्च' ही वजाबाकीची पहिली रक्कम धरा. त्यावर थोडी अजून, कारण तो ब्लॉक ७ई चा असला तरी *तुमच्या* गाडीचा नसेलच.

पंच करायला नकार दिलात ते फार बरं केलंत. घासलेल्या जागेवर ओतकामाचा मूळ पोत राहत नाही. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचे शौकीन तर नंबराच्या पट्टीवरच्या यंत्राच्या रेघासुद्धा तपासतात. पकडलं गेलं की गाडीच्या बाकी सगळ्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

प्रतिसाद: सहासिलिंडर

माझ्याकडे १९७२ ची पोर्शे ९११ टी होती. मूळ २.४ लिटरचं, १३० अश्वशक्तीचं इंजिन काढून आधीच्या मालकाने ३.२ कॅरेराचं, २३१ चं, बसवलं होतं. चालवायला स्वर्ग. विकायला काढली तेव्हा संग्राहक फोनवरच नाही म्हणायचे. शेवटी सौदा जमला तो मूळ इंजिन पेटीत जपून ठेवलेलं होतं म्हणून. घेणाऱ्याने आधी पेटी उघडायला लावली, क्रँककेसवरचा (इंजिनच्या खोक्यावरचा) नंबर वाचला, मगच गाडीत बसला. तेव्हा विक्रेत्याला एकच विचारा: जुना ब्लॉक कुठे आहे?

प्रतिसाद: धूरवाला

थोडं वेगळं मत. नंबरांइतकंच महत्त्व त्या त्या गाडीच्या इतिहासाला असतं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रोव्हर व्ही८ बसवणं केन कॉस्टेलोने कारखान्याच्या आधी सुरू केलं, एमजीबी जीटी व्ही८ आली १९७३ मध्ये. आज अस्सल कॉस्टेलो गाडी लोक शोधून घेतात. उलट बाजूला ट्रायम्फ स्टॅग. तिचा तीन लिटरचा व्ही८ तापायचा, म्हणून कितीतरी लोकांनी तो काढून रोव्हरचा बसवला, तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. पुढे मूळ इंजिन नीट बांधायची आणि थंड ठेवायची रीत सापडली, आणि आता मूळ इंजिनवाल्या स्टॅगला जास्त मागणी. म्हणून काढलेला एकही भाग भंगारात देऊ नये.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत जाऊन आलो. गिअरबॉक्सचा नंबर पाटीशी जुळतो! प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय.

आणि सहासिलिंडर, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. विक्रेता थोडा वेळ गप्प राहिला, मग मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. ताडपत्रीखाली ब्लॉक होता. पुसून पाहिला: ७ई, पाटीवरचाच नंबर. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे वरपासून खाली जाणारी चीर, नखाला लागते. त्याला तो लोखंडाच्या भावाचा वाटत होता, मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही असं म्हणवत नाही. जुना ब्लॉक सोबत घेणार, आणि विक्रीच्या कागदावर 'सध्याचा ब्लॉक एक्सजे६ चा' असं स्पष्ट लिहून घेणार, या अटीवर तो भाव उतरवायला तयार आहे.

आता पुढचा प्रश्न. अशी चीर धातूचे टाके घालून आणि सहाही सिलिंडरना टॉप-हॅट लायनर (वरच्या टोकाला कड असलेल्या नळ्या) बसवून दुरुस्त करतात असं वाचलंय. कुणी करून घेतलंय का? आणि असा ब्लॉक नंतर लांब पल्ल्याला, भर उन्हात कसा टिकला? व्यवहार करायच्या आधी एवढं कळलं तर बरं होईल.

प्रतिसाद: जुनागिअर

माझा तसाच आहे, अकरा वर्षं झाली. फक्त आधी ब्लॉक रसायनात धुऊन प्रेशर टेस्ट करून घ्या. डोळ्यांना दिसते ती एकच चीर असेल असं धरू नका. मी तसं धरलं होतं, आणखी दोन निघाल्या.