मदत हवी आहे: ऑटोकॅडमध्ये एकाच डायमेन्शन स्टाइलवर सगळे स्केल कसे सांभाळता?

मंडळी, आतापर्यंत मी प्रत्येक स्केलला वेगळी डायमेन्शन स्टाइल (ड्रॉइंगवरची मापं, म्हणजे आकडे आणि बाण, कसे दिसावेत त्याची सेटिंग) ठेवायचो, म्हणजे १:५० ला डिमस्केल (आकडे-बाण कितीपट मोठे करायचे तो आकडा) ५०, १:१०० ला १००, आणि मग स्टाइलची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली. म्हणून आता एकच अ‍ॅनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे आपोआप लहानमोठी होणारी) स्टाइल केलीय, अक्षर कागदावर २.५ मिमी, मॉडेल मिलिमीटरमध्ये.

पहिल्याच दिवशी घोळ, बाण स्केलप्रमाणे बदलतायत पण आकडे जागचे हलेनात! तासभर डोकं खाल्ल्यावर कळलं की टेक्स्ट स्टाइलमध्येच उंची २५० अशी ठोकून ठेवलेली, ती ० केल्यावर आकडे सुतासारखे सरळ आले. हे निदान सुटलं.

आता अडलंय ते असं. लेआउटमध्ये (छापायच्या पानावर) प्लॅनचा व्ह्यूपोर्ट, म्हणजे मॉडेल दाखवणारी खिडकी, १:१०० आणि जिन्याच्या डिटेलचा १:२०. डिटेलमध्ये डायमेन्शन दिसतच नाहीत, कारण त्यांना १:२० स्केल जोडलेला नाही, एवढं समजतं. पण स्केल आपोआप जोडायचं बटण चालू केलं की प्लॅनमधल्या बाकीच्या डायमेन्शनलाही तो चिकटतो आणि नुसती खिचडी होते. मग तुम्ही हाताने निवडून जोडता, की डिटेलचे डायमेन्शन सरळ पेपर स्पेसमध्येच, म्हणजे मॉडेलऐवजी त्या पानावरच, मारता?

आणि जुन्या ड्रॉइंगमधले डायमेन्शन स्टाइल बदलली तरी अ‍ॅनोटेटिव्ह होत नाहीत, त्यांना अपडेट मारल्यावर हाताने सरकवलेले आकडे जागेवर राहतात का? शेकड्याने आहेत हो, आधी विचारलेलं बरं.