दाभोळची शाही मशीद: वाट वाकडी करून जावं का?

मोरपंखी: पुढच्या महिन्यात आईला घेऊन दापोली-गुहागर, दोन दिवस, स्वतःची गाडी. दाभोळला आदिलशाही काळातली मशीद आहे असं वाचलं. खास थांबण्याइतकं आहे का काही? आईचे गुडघे दुखतात, चढण नको. आणि बायकांना आत सोडतात का?

खाडीकाठ: वाट वाकडी करायचा प्रश्नच नाही हो, ती वाटेतच आहे! दापोलीहून गुहागरला जायला दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्यायची, गाडीसकट. नाहीतर खेड-चिपळूणवरून केवढा तरी वळसा. मशीद जेट्टीच्या जवळच, चढण नाही. पुढे हौद, मागे वाशिष्ठीची खाडी. चार मिनार, मधे घुमट, सगळं दगडी. काही लोक तिला अंडा मशीद म्हणतात, गावात विचारताना दोन्ही नावं चालतील.

नमाजाची वेळ टाळा, शुक्रवारी दुपारी तर नकोच. बायकांचं म्हणाल तर दारातच जो कोणी असेल त्याला विचारा. आवारातूनही इमारत छान दिसते. डोक्यावर घ्यायला ओढणी असू द्या.

गडवेडा: बांधकाम साधारण १६५९-६० चं, म्हणजे अफजलखान प्रकरणाच्या आसपासचं. विजापूरची शहजादी मक्केला निघाली, समुद्र धोक्याचा म्हणून इथेच अडकली आणि यात्रेचा पैसा मशिदीत घातला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी ठाऊक नाही, पण 'माँसाहेबांची मशीद' हे नाव त्यावरूनच.

मला मात्र मशिदीपेक्षा ती इथे का आहे हे जास्त भावतं. दाभोळ तेव्हा मोठं बंदर होतं, अरबी घोडे इथे उतरायचे. रशियन व्यापारी निकितिन पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजावर चढला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज अल्मेडाने गाव जाळलं. आज जेट्टीवर उभं राहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. मासळीचा वास, कोळ्यांच्या होड्या, आणि मधेच हे एवढं विजापुरी वळणाचं काम!

मोरपंखी: आईला इतिहासापेक्षा देवळं आवडतात. 😅

खाडीकाठ: मग चंडिकादेवी! दाभोळमध्येच, गुहेतलं देऊळ. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जावं लागतं. गुडघ्यांचं बघून ठरवा.

गडवेडा: एक राहिलं. फेरीत चढल्यावर गाडीत बसून राहू नका, बाहेर येऊन मागे बघा. मिनार पाण्यावरून जास्त चांगले दिसतात. फोटोसाठी सकाळ बरी. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, म्हणून आधी जेट्टीवर फेरीची वेळ विचारा आणि मगच मशिदीकडे वळा. मी उलटं केलं होतं, तासभर बसलो वडापाव खात.

मोरपंखी: ठरलं, मशीद सकाळी. चंडिकेचं आईवर सोडते, ती कुठलीही गुहा सोडणार नाही.