शुगरच्या पेशंटचं मेडिकलवर दिसतं ते डॉक्टरांपर्यंत कसं पोचवायचं?

मेडिकलवाला_दारव्हा
दारव्ह्याजवळ माझं मेडिकल आहे. गावातले एक काका दोन महिन्यांपासून सकाळी 20 युनिट इन्सुलिन घेतात, तरी उपाशीपोटी शुगर 280च्या खाली येईना. "काका, सुई कशी भरता, दाखवा बरं." पिशवीतून निघाली 40 युनिटवाली शिशी (एका मिलीत 40 युनिट) आणि नारिंगी टोपणाची सिरिंज! ती 100 वाल्या इन्सुलिनची, एका मिलीत 100 युनिट धरून रेघा मारलेली. म्हणजे 20च्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात जात होते फक्त 8 युनिट.

40 वाल्याची लाल टोपणाची सिरिंज हातात होती, पण तशीच देऊन टाकली असती तर डोस एका दिवसात अडीचपट. म्हणून डॉक्टरांना फोन लावला. "तुम्ही औषधं विका हो," म्हणाले आणि ठेवला. संध्याकाळी काकांच्या पोरालाच दवाखान्यात पाठवलं, तेव्हा कुठं डोस नव्याने ठरला. डॉक्टर यांना तीन महिन्यांतून एकदा पाहतात, मी दर महिन्याला. मला दिसतं ते त्यांच्यापर्यंत जावं कसं?

पीएचसीतला डॉक्टर
आधी विचारलंत हे फार बरं केलं. ओपीडीत फोन नाही उचलता येत, खरं सांगतो. चिठ्ठीच्या मागं दोन ओळी लिहा: शिशी कोणती, सिरिंज कोणती, गोळ्या किती दिवसांच्या नेल्या. शुगरची गोळी मेटफॉर्मिन महिन्याची लिहून देतो, पेशंट दहा दिवसांची नेतो आणि आम्हाला सांगतो, "घेतो ना जी रोज." मग आम्ही डोस वाढवतो. डोस मात्र तुमच्या मनानं बदलू नका.

कापूसवाली
आमच्या सासूबाई चतुर्थीला चंद्र निघेपर्यंत जेवत नाहीत, शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र सकाळीच. वेचणीत घामाघूम, हात थरथर. धुऱ्यावर बसवून साखरपाणी पाजलं. "उपास असते का, माय?" हे पहिल्यांदा मेडिकलवाल्या भाऊनंच विचारलं.

आशाताई
मले तर एका घरी इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात सापडलं, पार गोठून. ते फेकाच लागते. भाऊ, शिशी देताना तेवढं सांगत जा.

मेडिकलवाला_दारव्हा
सांगतो, ताई. डॉक्टरसाहेब, आजच लिहायला घेतलं. चिठ्ठी उलटली तर मागं वेचणीचा हिशोब, कोणी किती किलो वेचला तो. कोपऱ्यात बारीक अक्षरात बसवलं.