अपराजित फ्लोरिडा स्टेटला २०२३ च्या प्लेऑफमधून वगळणे न्याय्य होते का?

मैदानरेषा (धागाकर्ते):

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने तेराच्या तेरा सामने जिंकले आणि एसीसी या आपल्या गटाचे अजिंक्यपदही मिळवले. तरीही ३ डिसेंबरला निवड समितीने राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळणारे चार संघ जाहीर केले, तेव्हा त्यांचा क्रमांक पाचवा लागला. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा पुढे गेले. यांपैकी टेक्सास आणि अलाबामा प्रत्येकी एक सामना हरलेले होते. चार संघांची प्लेऑफ २०१४ च्या हंगामापासून सुरू झाली. तेव्हापासून पाच मोठ्या गटांपैकी एखाद्याचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

समितीने दिलेले कारण सर्वांना ठाऊक आहे. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध पहिल्याच सत्रात धाव घेताना क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. त्याच्याविना हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असे समितीचे म्हणणे. मला ते मुळातच अमान्य आहे. ट्रॅव्हिस गेल्यावर संघ एकही सामना हरला नाही. तो सामना त्यांनी ५८-१३ असा जिंकला, मग फ्लोरिडा विद्यापीठ या वेगळ्या संघाला त्यांच्याच मैदानावर जाऊन २४-१५ असे हरवले. त्या सामन्यात राखीव क्वार्टरबॅक टेट रोडमेकरच्या डोक्याला मार बसला, म्हणून गटाच्या अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन या पहिल्या वर्षाच्या मुलाला उभे करावे लागले. त्याच्याकडून पासची फारशी अपेक्षा नव्हतीच. लॉरेन्स टोआफिलीने ७३ यार्डांची धाव घेतली, बचावफळीने लुइव्हिलला सहा गुणांवर रोखले आणि सामना १६-६ असा खिशात घातला. संघाचा कणा मोडला असता, तर तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकसह अजिंक्यपद मिळाले असते का? याच समितीने दुखापत पुरती ठाऊक असताना, २८ नोव्हेंबरच्या क्रमवारीत त्यांना चौथे ठेवले होते आणि अलाबामाला आठवे. पाच दिवसांनी, मधला एकमेव सामना जिंकूनही, फ्लोरिडा स्टेट खाली गेले.

जे घडले त्याचा हिशेब बाजूला ठेवून जे घडेल असे वाटते त्यावर निवड करायची, तर सामने खेळवायचेच कशाला?

तुलनापट:

धागाकर्त्यांची तळमळ समजते. पण समितीने मनाला येईल तसा नियम काढला, असे जे चित्र त्यातून उभे राहते ते खरे नाही. महत्त्वाचे खेळाडू वा प्रशिक्षक उपलब्ध नसणे आणि त्याचा पुढील सामन्यांवर होणारा संभाव्य परिणाम विचारात घ्यावा, असे समितीच्या निकषांत आधीपासून लिहिलेले होते. तिचे काम सर्वोत्तम चार संघ निवडण्याचे होते, सर्वांत कमी पराभव झालेले चार संघ निवडण्याचे नव्हे.

आता अलाबामाकडे पाहा. सलग २९ सामने जिंकलेल्या, आधीची दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवलेल्या आणि क्रमवारीत पहिल्या असलेल्या जॉर्जियाला त्यांनी २ डिसेंबरला २७-२४ असे हरवले. आठव्या क्रमांकावरून वर येण्याचे कारण ते आहे. त्या आठवड्यात देशात याहून मोठा विजय कोणाचाच नव्हता. त्यांचा एकमेव पराभव टेक्सासकडून झाला होता, ३४-२४ असा. साहजिकच अलाबामाला घ्यायचे म्हटले की टेक्सासला त्यांच्या वर ठेवणे भाग होते, कारण समोरासमोरच्या सामन्याचा निकाल डावलता येत नाही. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित असल्याने त्यांच्या जागांना धक्का लागणार नव्हता. पेच तिथे होता, आणि लुइव्हिलविरुद्ध ग्लेनने २१ पासेसपैकी ८ पूर्ण करून ५५ यार्ड मिळवलेले समितीने नुकतेच पाहिले होते.

सातवी ओळ:

पुढे काय झाले तेही सांगा की! ३० डिसेंबरला ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला. समितीची शंका रास्तच होती.

मैदानरेषा:

सातवी ओळ, त्या सामन्याचा दाखला देण्यापूर्वी मैदानात कोण होते ते पाहायला हवे. किऑन कोलमन, जॉनी विल्सन, ट्रे बेन्सन, जॅरेड व्हर्स यांच्यासह दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या दिवशी खेळले नाहीत. कोणी व्यावसायिक लीगच्या तयारीसाठी थांबले, कोणी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली, कोणी जायबंदी होते. अजिंक्यपदाची संधी काढून घेतल्यानंतर उरलेला संघ हरला, हा त्या निर्णयाचा परिणाम आहे. त्यालाच पुरावा म्हणणे म्हणजे कार्यकारणभाव उलटा करणे होय.

निकालाचाच दाखला द्यायचा, तर अलाबामाही १ जानेवारीला रोझ बोल या प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात मिशिगनकडून जादा वेळेत २७-२० असा हरला. तेवढ्यावरून त्यांची निवड चुकली असे मी म्हणणार नाही, कारण माझा आक्षेप नंतर लागलेल्या निकालांवर अवलंबून नाही.

तुलनापट, सर्वोत्तम कोण हे ठरवताना पूर्ण हंगाम पाहायचा की शेवटचे दोन आठवडे? ऑबर्नविरुद्ध सामना संपायला ३२ सेकंद उरले असताना चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, ३१ यार्डांवरून अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन मिलरोने आयझाया बाँडकडे फेकलेला चेंडू पकडला गेला नसता, तर अलाबामाचे नाव चर्चेतही नसते. सप्टेंबरात याच मिलरोला त्यांनी एका सामन्यासाठी बाहेर बसवले होते. म्हणजे अलाबामाला सुधारण्यासाठी हंगामभर अवधी मिळाला आणि फ्लोरिडा स्टेटला नव्या क्वार्टरबॅकसह उभे राहायला दोन आठवडे.

पटकथन:

या चर्चेत २०१४ चा ओहायो स्टेट आलाच पाहिजे. क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगामापूर्वी जायबंदी, त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट मिशिगनविरुद्ध जायबंदी. मग तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सला घेऊन त्यांनी विस्कॉन्सिनला ५९-० असे हरवले, समितीने चौथे स्थान दिले, आणि पुढे अलाबामा व ओरेगन दोघांनाही नमवून ते राष्ट्रीय विजेते झाले. राखीव खेळाडूंसह संघ काय करू शकतो हे मैदानावरच कळते, यासाठी याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. मी धागाकर्त्यांशी सहमत आहे.

तुलनापट:

पटकथन, तुमचे उदाहरण माझ्या बाजूने अधिक बोलते. जोन्सच्या पहिल्याच सामन्यात ५९-० असा निकाल लागला, म्हणून समितीने विश्वास टाकला. निकष तोच होता, उत्तर वेगळे आले.

तरी मैदानरेषांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला लुइझियाना स्टेटला (एलएसयू) ४५-२४ असे हरवणारा, क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत ३१-२४ असे नमवणारा संघ, एका खेळाडूच्या पायासाठी सगळ्यांची मेहनत मागे पडलेली पाहतो, तेव्हा त्या मुलांना काय सांगायचे? आपला पाय हंगामात आधीच मोडला असता, तर संघ माझ्याहून मोठा आहे हे लोकांना दिसले असते, अशा आशयाचे ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिले, ते वाचून मीही अस्वस्थ झालो. पण हा दोष चारच जागा ठेवणाऱ्या रचनेचा आहे. पाच मोठे गट आणि चार जागा. कोणीतरी विजेता बाहेर राहणार हे पहिल्या वर्षापासून ठरलेलेच होते.

मैदानरेषा:

रचनेचा दोष मान्य. २०२४ पासून बारा संघ आले, आणि क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच गटविजेत्यांना जागा राखून ठेवली गेली. तो नियम एक वर्ष आधी असता, तर हा धागा निघाला नसता. मात्र उरलेल्या सात जागा समितीच्याच मतावर भरल्या जातात, आणि बाराव्या व तेराव्या संघांतील फरक चौथ्या व पाचव्या संघांतील फरकाहून कमीच असणार. म्हणून माझी मागणी कायम आहे: दुखापतीचा विचार त्या खेळाडूविना झालेल्या सामन्यांच्या निकालापुरताच करावा. हरले तर क्रमवारीत खाली न्यावे. जिंकले तर तो विजय पूर्ण मोजावा.