पब रॉक: डॉक्टर फीलगुड आणि ब्रिन्स्ली श्वार्झ एकाच खणात कसे?

तिसरी_घंटा (ठाणे):
कॉलेजपासून द क्लॅश हा बँड आणि गायक एल्व्हिस कॉस्टेलो ऐकतोय. हे आलं कुठून म्हणून मागे मागे जावं, तर जो तो 'पब रॉक' म्हणून मोकळा होतो. म्हणून ऐकायला घेतलं, तर गोंधळच वाढला. डॉक्टर फीलगुड म्हणजे करकरीत ऱ्हिदम अँड ब्लूज, ब्रिन्स्ली श्वार्झ अर्धं कंट्री, आणि एस या बँडचं 'हाऊ लाँग' तर रात्री अकराला एफएमवर लागावं इतकं मऊ. यांच्यात सारखं काय आहे? मी गिटार वाजवतो, तेव्हा वाजवण्याबद्दलही कुणी लिहिलं तर बरं.

थेम्सकाठ (एसेक्स):
सारखेपणा सुरांत शोधलात तर सापडणार नाही, तो खोलीत आहे. १९७१ साली एग्ज ओव्हर ईझी नावाची अमेरिकन मंडळी रेकॉर्डिंगसाठी लंडनला आली होती. केंटिश टाऊनमधल्या टॅली हो पबात तेव्हा जॅझ चाले. यांनी मालकाच्या मागे लागून एक रिकामी रात्र पदरात पाडून घेतली, आणि तिथून ही साथ पसरली.

त्या वेळी बाकीचं रॉक काय करत होतं ते आठवा. ट्रक भरून सामान, मोठाली सभागृहं, एकेक तुकडा वीस मिनिटांचा. पबाच्या कोपऱ्यात त्यातलं काही मावतच नाही. चार माणसं जेमतेम उभी राहणार, अँप छोटे, आणि समोरचा गडी कंटाळला की पाठ फिरवून गप्पा मारायला मोकळा. अशा ठिकाणी गाणी आपोआप तीन मिनिटांची होतात. मग ती कंट्री असोत, सोल असोत नाहीतर ब्लूज.

ब्रिन्स्ली श्वार्झना तर हा कोपरा हवाच होता. १९७० मध्ये त्यांच्या मॅनेजर मंडळींनी विमान भरून ब्रिटिश पत्रकार यांचा कार्यक्रम ऐकायला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात नेले. विमानाला उशीर, पत्रकार वैतागलेले, वर कार्यक्रमही बेताचाच. दुसऱ्या दिवसापासून हसं झालं. 'टॅली हो'मधली अमेरिकन मंडळी पाहिल्यावर त्यांना मान वर करून वाजवता येईल अशी जागा सापडली. बेसवर निक लो होता, हे नाव लक्षात ठेवा.

आता माझा पक्षपात. मी राहतो तिथून कॅन्व्ही बेट लांब नाही. थेम्सच्या मुखाशी सपाट, सखल जमीन, पाणी अडवायला भिंत, पलीकडे तेलाच्या टाक्या. १९५३ च्या पुरात हे बेट बुडालं होतं. फीलगुड इथले. 'डाऊन बाय द जेटी' हा पहिला अल्बम १९७५ च्या जानेवारीत आला, तोही मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा न करता! गायक ली ब्रिलो मळक्या सुटात, आणि शेजारी विल्को जॉन्सन डोळे वटारून मंचावर पुढे-मागे धावतोय. हा विल्को इंग्रजी साहित्याचा पदवीधर. पदवीनंतर रस्त्याने थेट भारतापर्यंत येऊन गेलेला, मग परतून शाळेत शिकवलेलं.

तुमच्यासाठी खरी गंमत त्याच्या उजव्या हातात आहे. माणूस डावखुरा, पण गिटार उजव्या हाताने वाजवायचा. टेलिकास्टर, आणि पिक नाही. बोटांनीच तारांवर फटके. कॉर्ड तुटक, लगेच तार दाबून आवाज बंद, आणि मधल्या फटींत छोट्या सुरावटी. ऱ्हिदम आणि लीड एकाच हातात. ही रीत त्याने जॉनी किड अँड द पायरेट्स या जुन्या बँडच्या मिक ग्रीनकडून उचलली. दुसरा गिटारवाला लागत नाही, म्हणजे कोपऱ्यात एक माणूस कमी. १९७६ चा 'स्टुपिडिटी' हा लाइव्ह अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. सुरुवात त्याच्यापासूनच करा, आणि हेडफोनवर नको, स्पीकरवर ऐका.

तिसरी_घंटा:
वा! पण मग पंक, म्हणजे क्लॅशवाल्यांचं ते वेगवान, उद्धट रॉक, यात कुठे फुटला?

ढोलकी_ते_ड्रम (पुणे):
काका विसरले ते मी सांगते. १९७५ च्या सुरुवातीला फीलगुड, कोकोमो आणि चिली विली अँड द रेड हॉट पेपर्स असे तिघे मिळून ब्रिटनभर दौऱ्यावर निघाले होते. चिली विलीचा ड्रमर पीट थॉमस, पुढे कॉस्टेलोच्या अट्रॅक्शन्समध्ये वाजवणारा तोच. इतका नेमका हात मी फार कमी ऐकलाय. आणि चिली विलीचा मॅनेजर जेक रिव्हिएरा.

थेम्सकाठ:
विसरलो नव्हतो ताई, तिकडेच येत होतो! याच रिव्हिएराने डेव्ह रॉबिन्सनबरोबर १९७६ मध्ये स्टिफ रेकॉर्ड्स ही छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. भांडवल ४०० पौंड, तेही ली ब्रिलोकडून उसने. पहिली सिंगल निक लोची. त्याच वर्षी द डॅम्ड् या बँडची 'न्यू रोझ' आली, जिला ब्रिटिश पंकची पहिली सिंगल म्हणतात. निर्माता कोण? पुन्हा निक लो.

आणि क्लॅशचा जो स्ट्रमर त्याआधी पब रॉकवाल्या १०१-अर्समध्ये होता. १९७६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या नॅशव्हिल या पबात त्यांच्याआधी सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवून गेला. ते पाहून स्ट्रमरने लवकरच आपला बँड सोडला. पबवाल्यांनी खोल्या, छोटी लेबलं, आखूड गाणी असं सगळं तयार ठेवलं, आणि पोरांनी येऊन त्यांनाच म्हातारं ठरवलं. विल्को तेव्हा तिशीचासुद्धा नव्हता.

खमंग_रेकॉर्ड (मडगाव):
'गेम ऑफ थ्रोन्स'मधला जीभ कापलेला जल्लाद आठवतो का? तो विल्कोच. २०१३ साली कर्करोग झाल्याचं जाहीर झालं, केमो नाकारून निरोपाचा दौरा केला, द हू या बँडच्या गायक रॉजर डाल्ट्रीबरोबर अल्बम केला, आणि मग शस्त्रक्रियेतून वाचून २०२२ पर्यंत जगला.
एक तक्रार मात्र आहे. एसला यात कशाला ओढता? ते गुळगुळीत सॉफ्ट रॉक आहे.

ढोलकी_ते_ड्रम:
अजिबात नाही. ते याच पबांतून वर आले. आणि 'हाऊ लाँग' हे बायकोने फसवल्याचं गाणं समजून लोक उसासे टाकतात, पण पॉल कॅरॅकने ते आपल्या बेसवाल्यावर लिहिलंय. तो गुपचूप दुसऱ्या बँडबरोबर वाजवत होता! आमच्या बँडमध्ये तर हे दर गणपतीत घडतं.