उतारच जास्त दमवतो

कुणी तरी विचारलंय, गोव्यात माउंटन बाईकला किनाऱ्याशिवाय काय आहे? सत्तरी तालुक्यात या की राव!

मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं केरीहून पहाटे निघालो. अंजुणे धरणापासून चोर्ला घाटाची चढण लागते, घाटमाथा साधारण ८०० मीटरवर. चढताना दम लागतो, पण ते ठीक आहे, लहान गियर टाकून गप्प पायडल मारत राहायचं. खरी परीक्षा परतीच्या कच्च्या वाटेवर. जांभ्याची सुटी खडी चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळते. पुढचा ब्रेक जोरात दाबला की संपलं, माझं कोपर साक्षीला आहे. टायरमधली हवा थोडी कमी केली, वजन मागे घेतलं, तेव्हा कुठे सायकल ऐकायला लागली. ब्रेक सतत धरून ठेवू नका, तापले की पकड जाते. थांबत थांबत उतरा.

हा भाग म्हादई अभयारण्याला लागून आहे, तेव्हा डांबरी रस्ता सोडण्याआधी वनखात्याला विचारा. आणि पावसाळ्यात नकोच, शेवाळ आणि जळवा.

आमच्यातल्या एकाने पंक्चरचं सामान घरी विसरून तीन माणसांचं पाणी मात्र आणलं होतं. दुपारी त्याच्याच पाया पडलो.